कुलकर्ण्यांचे कलकरणी

गणपती दोन आठवड्यांवर आले होते. कॅनडातल्या मिसिसॉगातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये प्रस्तुत लेखक मराठी मंडळाच्या आमंत्रणाच्या पाकिटांसाठी पत्त्यांची लेबलं छापत बसला होता. पहिल्या पानावर जोशी, पाटील, देशपांडे. सगळं जिथल्या तिथे. तो निर्धास्त झाला आणि सगळा गठ्ठा पोस्टात टाकून आला.

तिसऱ्या दिवशी पहिला फोन. “अहो, आम्ही कलकरणी कधीपासून झालो?” ज्योत्स्नाताईंच्या पाकिटावर ‘जयोतसना’ होतं. कुसुममावशींची तर चक्क ‘कसम’ झाली होती.

पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाला याहून लाजिरवाणं काही नाही.

झालं होतं ते असं. याद्या दोन होत्या. माँट्रियालकडच्या सभासदांची यादी जुनी, रोमन लिपीतली आणि विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या कोडपेजमधली, म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या कोष्टकातली. टोरांटोकडची नवी, देवनागरीतली, यूटीएफ-८ मधली. लेखकानं स्क्रिप्ट लिहिली ती पहिल्या यादीसाठी. माँट्रियालच्या फ्रेंच स्पेलिंगमधला, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ई’ नीट उमटला, तेव्हा त्यानं तीच स्क्रिप्ट दुसऱ्या यादीवर चालवली.

हा ‘ई’ कॅनडात अनेकांना रडवून गेलेला आहे. डॉसच्या काळात कॅनडातल्या फ्रेंचसाठी ८६३ क्रमांकाचं खास कोडपेज होतं. त्यात या अक्षराचा क्रमांक १३०. जुन्या मॅकिंटॉशवर १४२. विंडोजवर २३३. यूटीएफ-८ मध्ये त्याला दोन बाइट लागतात, १९५ आणि १६९. डॉसमधली फाइल विंडोजवर जशीच्या तशी उघडली, की १३० चा अर्थ ‘खाली बसलेलं अवतरणचिन्ह’ असा होतो आणि माँट्रियालच्या पोटात स्वल्पविराम पडल्यासारखा दिसतो. फाइलमध्ये असतात ते फक्त आकडे. ते कुठल्या कोष्टकातून वाचायचे, हे साध्या मजकुराच्या फाइलवर सहसा कुठेच लिहिलेलं नसतं.

देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, वेलांटी यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा बदलता. १२५२ च्या कोष्टकात मात्र पाच घरं रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आता गंमत पाहा. पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, त्याचा तिसरा बाइट १४१. ऱ्हस्व उकाराचा १२९. ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. मराठीतलं एकूण एक जोडाक्षर हलन्तावर उभं असतं, आणि नेमकं तेच रिकाम्या घरात जाऊन पडतं.

स्क्रिप्टनं हे सांगितलं होतं, बरं का. ती पहिल्याच कुलकर्ण्यांपाशी अडली आणि ‘हा बाइट वाचता येत नाही’ म्हणाली. लेखकानं काय केलं? चुका दुर्लक्षित करायचा पर्याय लावून तिचं तोंड बंद केलं. पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी उमटली, तेव्हा तेच रूपांतर उलट दिशेनं चालवलं. जोशी, पाटील, देशपांडे सुखरूप परत आले, कारण त्यांच्यात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व उकार नाही, ‘झ’ नाही. कुलकर्णी गेले ते गेले. मूळ फाइलवरच नवी लिहिलेली असल्यामुळे परतीची वाटही उरली नव्हती.

अशा कामाला बसणाऱ्यानं आधी मूळ फाइलची प्रत बाजूला काढावी आणि तिला हात लावू नये. मग ज्यानं फाइल दिली त्याला विचारावं, ही कशातून सेव्ह केलीस? अंदाज बांधणारी साधनं मिळतात, पण चार नावांच्या फाइलवर त्यांचा अंदाज म्हणजे पंचांग न बघता काढलेला मुहूर्त. प्रोग्रॅममध्ये फाइल उघडताना एन्कोडिंगचं, म्हणजे त्या कोष्टकाचं, नाव दर वेळी लिहावं. पायथनमध्ये ते गाळलं, तर आजवरच्या बहुतेक आवृत्त्या विंडोजवर तिथलं कोडपेज धरतात आणि लिनक्सवर सहसा यूटीएफ-८. तोच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन तऱ्हेनं वागतो.

एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही’ आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हे वेगळे पर्याय आहेत. देवनागरीसाठी दुसराच घ्यावा. तो फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवतो. विंडोजला त्यांनी बरं वाटतं, पण लिनक्सवरच्या प्रोग्रॅमला कधी कधी ‘नाव’ हा पहिला स्तंभच सापडत नाही, कारण शीर्षकाला ते तीन बाइट चिकटलेले असतात. आणि हो, अदृश्य चिन्हं दिसतील तिथे झाडून टाकू नयेत. काही जुन्या मजकुरात ‘दऱ्या’तला अर्धा र अशाच एका अदृश्य जोडणीवर टिकलेला असतो. ती काढली, की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.

मंडळाच्या जुन्या स्मरणिका ही निराळी डोकेदुखी. तिथे एन्कोडिंग नाहीच, नुसता फॉन्ट आहे: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली, रफार नंतर; युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कॅनडातल्या इनुक्टिटुट भाषेनंही हेच भोगलं. ही भाषा जिथे बोलतात तो नुनावुत १ एप्रिल १९९९ ला वेगळा प्रदेश झाला आणि तिच्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीही त्याच वर्षी, ३.० आवृत्तीत. त्याआधीचं पुष्कळ लेखन फॉन्टच्या भरवशावर. तो फॉन्ट नसेल तर समोर इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी. अशा मजकुराला फॉन्टगणिक वेगळं कोष्टक लागतं, सरधोपट रूपांतर चालत नाही.

लेखकाच्या यादीत आता सर्वात वर एक काल्पनिक सभासद कायमचा बसवलेला आहे: ऐश्वर्या झुंजार कुलकर्णी, दऱ्यापूर, माँट्रियाल. शहराचं नाव फ्रेंचमध्ये, रेघेसकट. तिचं लेबल बरोबर छापून आल्याशिवाय दुसरं पान प्रिंटरला जात नाही.