शेडनेट की पॉलिहाऊस?

प्रश्न : जुन्नर तालुक्यात दहा गुंठ्यांत रंगीत ढोबळी मिरची घ्यायची आहे. शेडनेट उभारू की पॉलिहाऊस?

उत्तर : रंगीत मिरचीसाठी पॉलिहाऊसच उभारा. शेडनेट ऊन कमी करते, पाऊस अडवत नाही. पाने ओली राहिली की रोग आवरत नाहीत. छताला २०० मायक्रॉनचा कागद लागतो, तो साधारण तीन वर्षांनी बदलण्याचा खर्च आजच हिशेबात धरा. छतावरची झडप वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उघडणारी हवी.

मात्र सांगाड्याआधी माती तपासा, सूत्रकृमींसाठीसुद्धा. बाहेरून लाल माती आणणार असाल तर ती कोणत्या शेतातली, हे विचाराच. सूत्रकृमी एकदा आत शिरले की हटता हटत नाहीत. एप्रिल-मेमध्ये ओलावलेल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवा, मग निंबोळी पेंड मिसळून बेड करा.