फलक लावण्याआधी, भाचीबाई

पोरी, सरपंच झालीस, पेढे वाटून झाले. आता तुझ्या सहीने कागद निघतील. ग्रामपंचायत अधिकारी लिहितील हे खरं, पण खाली नाव तुझं. घरातली थाप संध्याकाळपर्यंत उघडी पडते आणि हसण्यावारी जाते. पंचायतीच्या कागदावरचं अर्धसत्य मात्र शिक्का घेऊन तालुक्याला जातं, बेरजेत मिसळतं, आणि मग ते खोडायला कुणी धजत नाही. म्हणून आत्याचं एवढं ऐक.

१. वाक्यात कर्ता ठेव. 'काम करण्यात आलेले नाही' यापेक्षा 'ठेकेदाराने मोटार बसवलेली नाही, पंचायतीने त्याला नोटीस दिली आहे' असं लिहून घे — कर्ता हरवला की जाबही हरवतो.

२. 'लवकरच' लिहू नकोस. तारीख देता येत नसेल तर काम कशावर अडलंय ते लिही — हंडे भरून ठेवायचे की विहिरीवर जायचं, हे बायका तुझ्या नोटिशीवरून ठरवतात.

३. 'नळजोडणी झाली' आणि 'पाणी येतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, ती वेगळीच लिही. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं. तेव्हा वाडीच्या टोकाच्या घरी स्वतः जा, तोटीखाली बादली ठेव आणि घड्याळ बघ. मग फळ्यावर लिही : 'जोडणी सर्व घरांना. पाणी दिवसाआड अर्धा तास. वरच्या आळीतल्या शेवटच्या सात घरांपर्यंत धार पोचत नाही.' — असं लिहिल्याने तुझी मान खाली जाणार नाही. उलट त्या सात घरांना कळेल की आपली दखल घेतली गेली.

४. 'अमुकमुक्त गाव' असा फलक रंगवायची घाई करू नकोस. २ ऑक्टोबर २०१९ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली १९ टक्के कुटुंबं कुठलंच शौचालय वापरत नसल्याचं आढळलं. संडास लाखांनी बांधले गेले, ते काम मोठंच — पण फलक लागला की ज्या घरी अजून सोय नाही तिथली बाई मागायला यायलाच संकोचते. फलक रंगवायला एक दिवस, झाकायला पाच वर्षं.

५. वरून शब्द आला की त्याची व्याख्या माग. गावातल्या १० टक्के घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज पोचली की ते गाव सरकारी हिशेबात 'विद्युतीकृत' होतं. मणिपूरच्या लैसांग गावात २८ एप्रिल २०१८ला वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गावही उजळलं, असं जाहीर झालं — व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होतं, पण ऐकणाऱ्याला वाटलं, घरोघरी दिवे लागले.

६. संकटाचं नाव हलकं करू नकोस. हे जरा नीट सांगते, कारण आपल्याच राज्याचं आहे. १९६३मध्ये महाराष्ट्राने कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्द वगळला आणि तिथे 'टंचाई' घातली. सरकार वेळीच मदत पोचवतं, तेव्हा दुष्काळाची वेळ आता येणारच नाही, असा भरवसा त्यामागे होता. नऊ वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. लाखो माणसं सरकारी कामांवर खडी फोडायला आणि तलावांच्या मातीकामाला गेली. त्या कामांनी माणसं जगवली, त्यातूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली, आणि हे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण आपल्याकडे आजही कुणी 'बहात्तरची टंचाई' म्हणतं का? २०१८च्या ऑक्टोबरातही आधी 'दुष्काळसदृश परिस्थिती' आली, आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला. पंचायतीच्या ठरावात तू विहिरींची पातळी, जळालेलं पीक आणि टँकरच्या खेपा आकड्यांत लिही, आणि दुष्काळ असेल तर दुष्काळच म्हण — शेतसाऱ्याची सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांच्या परीक्षा फीची माफी, हे बहुतेकदा त्या एका शब्दाला बांधलेलं असतं. शब्द हलका केला की मदतीचा हात जड होतो.

७. ग्रामसभेच्या हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करायच्या नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी नाही जमली तर सभा तहकूब कर — चुलीपुढे बसून सही केलेली बाई चर्चेला हजर होती, असं लिहिणं हे तिच्याच नावाने केलेलं खोटं आहे.

८. 'सर्वानुमते मंजूर' तेव्हाच लिही, जेव्हा खरंच एकही हात विरोधात नव्हता. कुणी विरोध केला तर त्याचं नाव आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात येऊ दे, महिला सभेतलं बोलणंही ग्रामसभेत मोठ्याने वाच — पुढे काम बिघडलं तर गावाला कळायला हवं की कुणी आधीच सावध केलं होतं.

९. माहिती अधिकाराचा अर्ज आला म्हणून तोंड वाकडं करू नकोस. उत्तराला ३० दिवस असतात, पण जमाखर्च आधीच भिंतीवर लावलास तर बरेच अर्ज येणारच नाहीत — कायदाही तेच सांगतो, न मागता सांगा म्हणून.

१०. चूक निघाली तर दुरुस्ती त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

११. नोटीस डकवण्याआधी पंचायतीच्या शिपायाला वाचून दाखव. तो 'म्हणजे ताई, पाणी कधी?' असं विचारेल, तर कागद परत घे आणि पुन्हा लिही — दारोदार उत्तरं द्यायची वेळ शेवटी त्याच्यावरच येते.

येत्या ग्रामसभेची नोटीस लिहिलीस की मलाही फोनवर वाचून दाखव. दहाच्या आत कर, मग मी दळण आणायला जाते.