अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी आल्यावर

‘सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत आजही ऐकू येते. ती खरी नाही. पोटात जितके दिवस अधिक, तितके बाळ बळकट. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. दवाखान्यातून सुटी मिळाली म्हणजे काळजी संपली असे नव्हे. काचेच्या पेटीचे काम आता घराने करायचे असते.

१) ऊब : अंगावर चरबी कमी असल्याने हे बाळ लवकर गार पडते. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची ‘कांगारू पद्धत’ सुरू केली. बाळाला टोपी, मोजे व लंगोट घालून छातीशी उभे धरावे आणि वरून कापड बांधावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिवसाचे ८ ते २४ तास असे करण्याची शिफारस केली. वडील व आजी यांनीही पाळीपाळीने हे करावे. बंद खोलीत शेगडी व धुरी नको.

२) आहार : दर दोन-तीन तासांनी, झोपेतून उठवूनही, आईचेच दूध द्यावे. ओढता येत नसल्यास दूध काढून स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. मध, घुटी, बाटली नको.

३) स्वच्छता : साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. खोकला-सर्दी असलेल्यांनी दूर राहावे. बारशाची गर्दी लांबवावी.

४) तपासणी : ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २ किलोहून कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा. हयगय झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते.

बाळ दूध ओढेनासे झाले, हातपाय गार पडले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास होऊ लागले, छाती आत ओढली गेली, तळवे पिवळे दिसले किंवा झटका आला, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता तत्काळ दवाखाना गाठावा.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज आशाताई हेच काम करतात. त्यांना दारातून परत पाठवू नका. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य वाचून दाखवा. आपल्या वस्तीतील एखादे बाळ त्यामुळे वाचेल.