यकृतातील गाठ व वैद्याची सुई

वाचावयाचा शास्त्रभाग : यशया ३८:१-६ व २१

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असता त्याने अश्रू ढाळून प्रार्थना केली व देवाने ती ऐकली. तरी त्याच अध्यायाच्या शेवटी यशया संदेष्टा गळवावर अंजिरांचा लेप बांधावयास सांगतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. प्रार्थना व उपाय ह्यांत विरोध नाही, हाच आजचा धडा होय. तो आम्ही यकृताच्या कर्करोगावरील एका उपचाराच्या आधारे सांगू इच्छितो.

यकृत हे उजव्या बरगड्यांखालील मोठे इंद्रिय आहे. वर्षानुवर्षे दारू प्याल्याने, तसेच हिपॅटायटिस बी व सी ह्या काविळीच्या विषाणूंनी ते हळूहळू निबर होते आणि त्यात पुढे कर्करोगाची गाठ उद्भवू शकते. म्हणून हा रोग ज्याला झाला तो दारुडाच असला पाहिजे, असे कोणी म्हणू नये. बी विषाणू पुष्कळदा जन्मसमयीच मातेपासून बाळास लागतो.

१९८० नंतरच्या दशकात जपान व इटली येथील वैद्यांनी ह्या गाठीवर एक उपचार प्रचारात आणला. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत वैद्य त्वचा बधिर करून एक बारीक सुई थेट गाठीत नेतो आणि तीतून थोडा शुद्ध मद्यार्क सोडतो. त्याने गाठीच्या पेशींतील पाणी शोषले जाते, तिच्या रक्तवाहिन्या बंद होतात व गाठ मरते. बहुधा हे अनेक वेळा करावे लागते.

येथे कोणी विचारील, "दारूने यकृत बिघडते, मग तीच औषध कशी?" उपदेशकांनी ह्याचे उत्तर नीट द्यावे. प्यालेली दारू रक्तावाटे सगळ्या यकृतात पसरते. सुईने सोडलेला मद्यार्क मात्र मऊ गाठीत राहतो, कारण भोवतालचे निबर यकृत त्याला बहुतांशी पसरू देत नाही. ह्यावरून दारू पिण्यास मुळीच आधार मिळत नाही.

हा उपचार मुख्यत्वे लहान, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, थोड्या गाठींसाठी आहे. आता पुष्कळ ठिकाणी सुईच्या टोकाशी उष्णता उत्पन्न करून गाठ जाळतात व दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठीस ती रीत अधिक गुणकारी ठरली आहे. परंतु दोहोंसही गाठ वेळेवर सापडली पाहिजे आणि लहान गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून ज्यांचे यकृत निबर झाले आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. बी विषाणू ज्यांच्या अंगी आहे, त्यांनी आपणास ती केव्हापासून करावी हे वैद्यास विचारावे. भगताकडे किंवा केवळ झाडपाल्यावर घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

रोगी लाजेने घरात लपून राहिला, तर तो दोष आपल्या जिभेचाही आहे. उपदेशकाने त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी आणि उठून त्याच्याबरोबर दवाखान्यातही जावे. तसेच मंडळीतील प्रत्येक नवजात बालकास चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली की नाही, ह्याची विचारपूस करावी.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. देवाने प्रार्थना ऐकल्यावर अंजिरांचे काय काम होते?
२. रोग्यास दोष लावल्याने त्याच्या उपचारास उशीर कसा होतो?
३. आपल्या मंडळीत ह्या आठवड्यात कोणाच्या घरी जाणे अगत्याचे आहे?