घरची रोजकीर्द

परीक्षेच्या तोंडावर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रात्ररात्र जागू लागला, तीन तास झोपूनही ताजातवाना दिसू लागला, भराभर बोलून मोठमोठे बेत सांगू लागला, तर घरात काय होते? कौतुक होते. दोन महिन्यांनी तोच मुलगा अंथरूण सोडीना, जेवीना, की 'आळशी' म्हणून बोलणी बसतात. द्विध्रुवीय मनोविकारात, म्हणजे बायपोलरमध्ये, आईबाप असेच फसतात. आजाराच्या एका टोकाला शाबासकी मिळते, दुसऱ्याला शिक्षा.

अर्थात जागणारे प्रत्येक पोर आजारी नसते (नाहीतर आमचे अर्धे वसतिगृह दवाखान्यात जाईल!). साध्या जागरणाने माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो. येथे मात्र दिवसचे दिवस झोपेची गरजच वाटत नाही.

ग्वाल्हेरला औषधोपचाराची वानवा नाही. कंपू भागात जयारोग्य रुग्णालय आहे. १९३५ सालापासूनची मानसिक आरोग्यशाळाही याच शहरात आहे. पण डॉक्टर मुलाला महिन्यातून पंधरा मिनिटे पाहणार, बाकीचा महिना आईच्या डोळ्यांपुढे. म्हणून आम्हां वाणिज्य शाखेच्या मुलांना ठाऊक असलेली रोजकीर्द येथे कामी येते. झोपेचे तास, मनःस्थिती, खर्च, औषध घेतले की नाही, एवढे चार रकाने पुरेत. नोंद त्याच दिवशी करावी, आठवणीने मागाहून भरू नये. येथील मराठी घरातल्या आईला डॉक्टरांपुढे हिंदीतून सगळे सांगणे जड जाते. आकडा दोन्ही भाषांत सारखाच. झोप तीन-चार दिवस घटत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

या आजारावर १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियम वापरून पाहिले, ते आजही दिले जाते. लिथियम हा एक क्षारच, त्यामुळे शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की रक्तातले त्याचे प्रमाण चढते. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो! अशा दिवसांत कडक निर्जळी उपास नको, जुलाबांकडे दुर्लक्ष नको, मनाने घेतलेली अंगदुखीची गोळी नको. हात फार थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. एरवीही रक्ततपासणी चुकवू नये आणि 'आता बरा आहे' म्हणून औषध परस्पर थांबवू नये.

मुलगा मरणाची भाषा बोलला तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे ठेवू नये, औषधे कुलपात ठेवावीत. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून आहे.

मुलाला दाखल करावे लागले तर? १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहू दिले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीन मुलांच्या बाबतीत ही सोबत बंधनकारकच केली आहे. पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुदत मुलाजवळ राहायचे, मुलाची सोय प्रौढांपासून वेगळी असायची. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाईमाणूसच लागते.