चौदाव्या दिवसापर्यंत

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपासून खाली महाडपर्यंत ज्या घरातलं एकही माणूस मुंबई-ठाण्यात नाही, असं घर क्वचितच सापडेल. गणपतीला, शिमग्याला, लग्नसराईत ही माणसं गावी येतात, चार दिवस राहून परत जातात. त्यांच्याबरोबर कधीकधी हिवताप येतो, आणि गावातून मुंबईलाही जातो. म्हणून आमच्या भागात कुणाला ताप आला की “पावसात भिजलास का?” याच्या आधी “गेल्या महिनाभरात कुठे राहिला होतास?” हे विचारलं पाहिजे. आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो गावच्या आशा स्वयंसेविकेने, म्हणजे आमच्या आशाताईंनी.

माझा धाकटा दीर मुंबईत बांधकामांवर वायरिंगची कामं करतो. तिथे पाण्याच्या उघड्या टाक्या, लिफ्टचे खड्डे, स्लॅबवर अडवून ठेवलेलं पाणी. शहरातला हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्साय हा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. गणपतीला दीर घरी आला आणि दुसऱ्याच दुपारी त्याला हुडहुडी भरली. गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजायचे थांबेनात. मग कडक ताप, मग दरदरून घाम, आणि दिवेलागणीला उठून त्याने चहा मागितला. पुढचा दिवस चांगला गेला, रात्री जाखडीत नाचलासुद्धा. प्रवासाचा शीण होता, गेला, असं सगळे म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा थंडी.

एक दिवसाआड ताप येतो, कारण व्हायव्हॅक्स जातीचे हिवतापाचे परजीवी साधारण ४८ तासांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. मधला दिवस बरा वाटतो तो एवढ्याचसाठी. त्या दिवशीही परजीवी रक्तात असतातच. शिवाय व्हायव्हॅक्समध्ये डासाला लागण करणारी रूपं फार लवकर तयार होतात, कधी ताप चढायच्याही आधी. म्हणजे माणूस हसतखेळत आरतीला उभा असताना त्याला चावलेली अ‍ॅनॉफिलीसची मादी ते परजीवी घेऊन उडते. तिच्या पोटात दहा-पंधरा दिवस त्यांची वाढ होते आणि मग ती ज्याला चावेल त्याला लागण होते. डासाच्या पोटातले हे परजीवी रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला पाहिले.

आशाताईंनी बोटातून रक्त घेतलं, काचपट्टी तपासायला पाठवली. व्हायव्हॅक्स निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस, असं औषध मिळालं, फुकट. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि दीर मुंबईला निघाला. मी गोळ्यांची आठवण केली तर म्हणाला, “वहिनी, आता बरा आहे मी, कशाला उगाच पोटात औषध?” पाकीट फळीवरच राहिलं.

दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या घरातल्या मुलाला तसाच ताप आला. ते पोर कधी पोलादपूरच्या एसटी स्टँडपलीकडे गेलेलं नव्हतं. लागण कुणाकडून झाली हे कुणालाही ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. बोट दाखवलं की लोक ताप लपवतात. महामार्गाच्या आणि बोगद्याच्या कामावर परप्रांतातून आलेल्या मजुरांबद्दल असं बोललेलं मी ऐकलं आहे, मला ते मुळीच पटत नाही. त्यांच्या झोपडीत तापलेलं मूल असेल तर त्याचंही रक्त तितक्याच तातडीने तपासलं गेलं पाहिजे. ते त्याच्या भल्याचं आहे आणि आपल्याही.

शिमग्याला दीर पुन्हा थंडीने कुडकुडत होता. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी उठतात. क्लोरोक्विन रक्तातल्या परजीवींना मारतं, यकृतातल्यांना नाही. त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन, आणि तेही पूर्ण चौदा दिवस. या वेळी मी रोज रात्री जेवणानंतर फोन करत असे, गोळी घेतल्याचं त्याच्याच तोंडून ऐकेपर्यंत ठेवत नसे. तुमच्या घरातलं माणूस अर्ध्या औषधावर मुंबईला निघालं तर पाकीट त्याच्या पिशवीत घाला आणि चौदाव्या दिवसापर्यंत पाठ सोडू नका. मात्र उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. काहींच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली तर औषध थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

अर्ध्यावर सोडल्याने काय होतं, हे देशानेही भोगलं आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीची फवारणी घरोघर पोचली आणि १९६५ पर्यंत वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मग जोर ओसरला, डासही डीडीटीला दाद देईनात. १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले.

आता पाण्याचं. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, कोरडा दिवस पाळा, असं सांगतात. ते बरोबरच आहे, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पण आमच्याकडे पावसाळ्यात डोंगर कोसळावा इतका पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर. डोक्यावरून आणलेला हंडा कोणती बाई ओतून देईल? ओतायची गरजही नाही. पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, रिकामं पिंप आतून घासा, पाणी परत भरा आणि तोंडाला कापड घट्ट बांधा. फडक्यावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत झटका, मोरीत नको. गुरांच्या दगडी डोणीचंही तेच. विहिरीत आणि मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा, ते आरोग्य केंद्रात मिळतात.

पावसाळा सरताना पऱ्ह्यांचा जोर कमी होतो आणि कडेच्या गवतात पाणी रेंगाळतं, तेव्हा डोंगरपायथ्याचे अ‍ॅनॉफिलीस वाढतात. नेमकं तेव्हाच भात पोटरीला येतं आणि माणसं रानडुकरांपासून राखण करायला रात्रभर शेतातल्या माळ्यावर बसतात. हा डास रात्रीच चावतो. माळ्यावरही मच्छरदाणी न्या, अंगभर कपडे घाला. घरात फवारणी होणार असेल तर गणपतीची रंगरंगोटी आणि सारवण आधी उरकून घ्या. फवारलेल्या भिंतीवर रंग चढवला की औषध झाकलं जातं.

२२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं. वाहतं पाणी अळ्या धुऊन नेतं, धोका नंतरचा: पूर ओसरल्यावर खड्ड्यांत, पडक्या घरांत साचून राहिलेल्या पाण्याचा. त्याच दिवसांत चिखलातून लेप्टो होतो आणि डेंग्यूही असतो. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही लेप्टोची खूण असू शकते. तिन्ही तापांची सुरुवात सारखी, औषधं वेगळी. त्यामुळे तपासणीआधी दुकानातून आणलेली गोळी आणि “एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय” हा आग्रह, दोन्ही सोडा. हिवतापाची झटपट तपासणी वीसेक मिनिटांत होते, उपकेंद्रात पैसेही लागत नाहीत.

आणि दवाखाना लवकर गाठा. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून अभ्यासले आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने असंख्य जीव वाचवले. पण ते औषधही वेळेत पोचलेल्यालाच तारतं, म्हणून मांत्रिकाकडची वाट सोडून माणसं दवाखान्याकडे वळली. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापातही तास मोजावे लागतात. रुग्ण बरळतो, झटके येतात, डोळे पिवळे होतात, लघवी कमी किंवा काळी होते, धाप लागते, काहीच पोटात ठरत नाही, यांतलं एकही लक्षण दिसलं तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा. वाडीत रेंज नसेल तर ती कुठल्या वळणावर मिळते हे घरातल्या मुलांनाही आधीच दाखवून ठेवा.