आजोबांचा चाकू आणि चांदीचे नाणे

प्रश्न : आजोबांचा फ्रेंच ओपिनेल चाकू आणि त्यांच्या आठवणीतले चांदीचे नाणे एकाच कातडी पाकिटात घालून खिशात बाळगले तर चालेल का?

उत्तर : चाकू खुशाल बाळगावा, नाणे मात्र घरीच ठेवावे. पोलादाशी घासून चांदीवर ओरखडे उठतात आणि ते परत जात नाहीत.

साव्हॉयच्या डोंगराळ मुलखात जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये घडवलेला हा चाकू शेतकऱ्यांच्या रोजच्या वापराचा. त्याचे जुने पाते कार्बन पोलादाचे असते. घामाने, लिंबाच्या रसाने ते लगेच डागाळते. वापरातून येणारी करडी-निळसर झाक घासून काढू नये, जुन्या पात्याची खरी शोभा तीच. तांबूस गंज मात्र तातडीने काढावा, पाते कोरडे पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. कातडे ओल धरते, म्हणून कायमचा मुक्काम तिथे नको. पावसाळ्यात बीच लाकडाची मूठ फुगून पाते अडकते. ते ओढण्याआधी मूठ सावलीत वाळू द्यावी.

मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी आहे का, हेही पाहावे. ही कडी १९५५ मध्ये आली, त्यामुळे ती नसेल तर चाकू त्याआधीचा असू शकतो.

विमानप्रवासात चाकू केबिनमध्ये नेता येत नाही. तो चेक-इन सामानातच ठेवावा, नाहीतर सुरक्षा तपासणीत आजोबांची आठवण हातची जाईल.